पोस्टर झाले, आता मीटर वाचू या (कॉलेजातली वीज, सोलापूर)

गड्ड्यावरचा_पाळणा

मंडळी, नमस्कार. मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इथंच सोलापुरात. कॉलेज कुठलं ते विचारू नका, अजून वर्षभर तिथंच काढायचंय.

१४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. दरवर्षीसारखं पोस्टर काढायला लावलं. हिरवं पान, पानात बल्ब, बल्बला डोळे. बक्षीस समारंभ भर दुपारी, हॉलचे पडदे ओढून, सगळ्या ट्यूब लावून. डिसेंबरात एसीसुद्धा चालू, कारण पाहुणे सूट घालून आले होते. माझ्या पोस्टरला उत्तेजनार्थ मिळालं, म्हणून जळतोय असं समजा हवं तर. पण त्या दिवशी डोक्यात किडा शिरला तो शिरलाच: हे कॉलेज नेमकी किती वीज खातं, आणि कधी?

गड्डा (आपली सिद्धेश्वरांची यात्रा) संपला, जानेवारीच्या शेवटी आम्ही चौघांनी एचओडी सरांकडून परवानगी काढली आणि मीटरचा आकडा घ्यायला लागलो. (घ्यायला म्हटलंय, टाकायला नाही. हसू नये.) संध्याकाळी ६ ला एक, सकाळी ८ ला एक. म्हणजे कॉलेजला कुलूप असतानाची वीज. पहिल्या रात्रीचा फरक आला ४.१. आम्ही खूश, चारच युनिट! मेंटेनन्सचे मामा शेजारी तंबाखू मळत उभे होते. म्हणाले, "इंजिनिअर, एमएफनं कोण गुणणार?"

आमचं कनेक्शन एचटी, म्हणजे उच्च दाबाचं. तिथं मीटरला पूर्ण दाब, पूर्ण करंट देत नाहीत, सीटी-पीटीतून (मापाचे छोटे ट्रान्सफॉर्मर) कमी करून देतात. म्हणून दिसणाऱ्या आकड्याला मल्टिप्लाइंग फॅक्टरनं (एमएफ) गुणायचं. हे आम्ही परीक्षेत लिहिलेलं आहे, मार्कही घेतलेत. आमचा एमएफ २०. म्हणजे ८२ युनिट. आवारात वॉचमनमामा आणि दोन कुत्री सोडून कुणी नसताना. ७५ वॅटचे ७८ पंखे रात्रभर रिकाम्या वर्गात फिरवले तर एवढं होतं.

मग एका रात्री टॉर्च घेऊन फेरी मारली. आवारातले दिवे, ते लागणारच, साधारण ११ युनिट. सर्व्हर रूमचा एसी, चौदा-पंधरा. पाण्याचे चार कूलर मिळून पंधराएक. थंडीच्या दिवसांत रात्रभर पाणी थंड करत बसलेले, कुणासाठी ते देव जाणे. उरलेले चाळीस सापडेनात. शेवटी कॉम्प्युटर लॅबच्या खिडकीला कान लावला तर आत घुंऽऽ. दोन लॅब, ६० पीसी, सगळे चालू. स्क्रीन काळे, म्हणून बंद वाटतात. पोरं निघताना मॉनिटरचं बटण दाबतात आणि सुटतात. खालचा डबा ४०-५० वॅट खात सकाळपर्यंत बसतो. त्या पोरांत मीही होतो, हे कबूल.

आता लॅब असिस्टंट सर कुलूप लावायच्या आधी सगळे शटडाऊन करून घेतात. गेल्या आठवड्यातला फरक २.०५, गुणिले २०, म्हणजे ४१ युनिट. बरोब्बर निम्मा. खर्च काही नाही.

पुढं कुठं हात घालावा, हे विचारायला धागा काढलाय. मार्च लागला, पंखे सुरू झालेत, एप्रिलात पारा ४२ च्या वर जाणारच. तुमच्याकडं काय चालतं, काय फसलं, ते सांगा. "वीज वाचवा, देश वाचवा" नको, ते माझ्या पोस्टरवर होतं.

काय_बे

कशाला डोकं खायलास बे. फी आपण भरतो, बिल कॉलेज भरतं. वाचलेले पैसे तुला देणारेत का? आणि फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं वीज केंद्र उभं आहे आपल्या दारात. त्याच्यापुढं तुझे ४१ युनिट म्हणजे दर्यात खसखस.

मागवाला

काय_बे, दारात कारखाना असला म्हणून चादर फुकट मिळते का आपल्याला? एनटीपीसीची वीज तारेवर चढली की देशाच्या जाळ्यात जाते. पण उजनीचं पाणी त्याला इथलंच लागतं, आणि आपल्या नळाला किती दिवसाआड येतं ते तुझ्या आईला विचार.

कोळशाचं गणित मी मुलासाठी एकदा करून ठेवलं होतं. कोळशाच्या विजेला युनिटमागं साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. या पोरांचे ४१ युनिट म्हणजे रात्रीला पाव क्विंटल. पोत्यात भरून कुणी तुझ्या वर्गाबाहेर रोज एक पोतं जाळलं असतं तर तू फोटो काढून टाकला असतास.

माझे २४ माग आहेत. एखादी मोटर रिकामी फिरली तर मी जेवणावरून उठतो, कारण बिल माझ्या खिशातून जातं. कॉलेजात जो बटण दाबतो त्याचा खिसा वेगळा, जो बिल भरतो त्याचा वेगळा. खरं दुखणं ते आहे. त्यावर पोस्टरचं औषध नाही. युनिटला सगळं धरून १० रुपये पकडा. ४१ गुणिले १० गुणिले ३०० दिवस, सव्वा लाखाच्या आसपास जातं. प्राचार्यांकडं जाताना हा आकडा घेऊन जा, आणि जाण्याआधीच मागून घ्या की यातले अमुक टक्के अभ्यासिकेला किंवा जिमला. वाचल्यावर मागितलं तर कुणी देत नाही, हा धंद्यातला अनुभव.

काय_बे

जिमला म्हणत असाल तर मी पण येतो मीटर वाचायला.

वायरमन_मामा

मी दुसऱ्या कॉलेजातला, तुमचा तंबाखूवाला मामा नव्हे. २७ वर्षं हेच करतोय. पोरानं मीटर वाचला, बरं वाटलं. साहेब लोक तर बिलाचं शेवटचं पान तेवढं बघतात.

एक सांगतो, हसू नका. कुठल्याही वर्गात जा. दारापाशी बोर्ड, बोर्डावर चौदा बटणं. कुठलं बटण कुठल्या पंख्याचं हे ब्रह्मदेवालाही माहीत नाही. पोरगं येतं, स्वतःच्या डोक्यावरचा पंखा लावायचा म्हणून सगळी बटणं खाली ओढतं. लागतात बारा पंखे, बसतं एकटं. तुम्ही त्याला आळशी म्हणता. त्याला कळणार कसं? दोन वर्षांमागं मी सुट्टीत एका मजल्यावर काळ्या मार्करनं बटणावर नंबर टाकले आणि पंख्याजवळ छतावर तोच नंबर. एक मार्कर गेला. त्या मजल्यावर मग दोघं बसले असले तर दोनच पंखे फिरायचे. पुढं रंगकाम झालं, रंगाऱ्यानं छतावरचे नंबर पुसले, परत पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा ऑइलपेंटनं लिहा.

दुसरं, रेग्युलेटर. जुने मोठे चौकोनी डबे अजून आहेत का बघा. त्यात पंखा हळू केला तरी वीज फारशी वाचत नाही, फरक डब्यात तापून जातो. हात लावून बघा, गरम लागतो. छोटा इलेक्ट्रॉनिक लावला की हळू पंख्याला वीजही कमी लागते.

तिसरं, लॅबचा मोठा यूपीएस. पीसी बंद केले तरी तो रिकामा चालून खात राहतो. पण त्याला हात आपल्या मनानं लावू नका, विचारून लावा.

आणि पीएफ, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं पॅनल. एचटीचं बिल २०२० पासून केव्हीएएचवर येतं, म्हणजे कामी न येणारी वीजही त्यात मोजली जाते. पॅनलमधले कॅपॅसिटर मेले असतील तर वापरली नाही त्या विजेचेही पैसे जातात. हे विद्यार्थ्यांचं काम नाही, पण बिलावर पॉवर फॅक्टर छापलेला असतो, तो बघायला कुणाची ना नाही.

सातरस्ता_सिग्नल

सगळ्यांनी सायकलवर यावं. माझे आजोबा रोज सायकलवर गिरणीत जायचे.

बार्शीची_पोर

आजोबांना मे महिन्यात दुपारी दोनला जुळे सोलापूरहून सबमिशन घेऊन यायचं नव्हतं. विषय वीज आहे हो.

मी मुलींच्या होस्टेलला राहते. सगळे वर्गाबद्दल बोलताय, पण वर्ग पाच वाजता बंद होतो, आमचं तर तेव्हा सुरू होतं. आमच्याकडं नियम असा की पाणी तापवायचा रॉड सापडला तर जप्त आणि ५०० रुपये दंड. तरी प्रत्येक मजल्यावर चार-पाच रॉड आहेत. का? गच्चीवर सोलर हीटर आहे, छान आहे, पण सकाळी ६ ला उठणाऱ्यांना गरम पाणी आणि ८ वाजता उठणाऱ्यांना उजनीचं. शिवाय नळ सोडल्यावर पाइपातलं गार पाणी जाईपर्यंत अर्धी बादली वाया. मग मुली रॉड लावतात.

मी हिशोब केला होता. २० लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला जेमतेम ०.६ युनिट लागतात. पण रॉड लावून मुलगी आंघोळीच्या रांगेत गप्पा मारते, पाणी वाफाळतं, मग त्यात गार ओतते. तिथं दुप्पट जाते. आम्ही फक्त वेळ वाटून घेतल्या. ज्यांची लेक्चर्स ११ ची आहेत त्यांनी आदल्या संध्याकाळी अंघोळ करायची, तेव्हा टाकी कढत असते. उन्हाळ्यात सोलापुरात संध्याकाळची अंघोळ तशीही लागतेच. रॉड अजून आहेत, खोटं बोलत नाही, पण पाचाचे दोन झाले. रेक्टर मॅडमना सांगू नका.

खरा वैताग वरच्या मजल्याचा आहे. रात्री अकराला भिंतीला पाठ लावली तर भिंत गरम. पंखा पाचावर ठेवला तरी वरून तापलेलीच हवा खाली ढकलतो. तिथं "पंखा बंद करा" म्हणणाऱ्याला एक रात्र आमच्या खोलीत झोपवावं.

गड्ड्यावरचा_पाळणा

बार्शीची_पोर, तुमच्या प्रतिसादानं माझं एक गणित उलटं झालं, ते मांडतो.

मी बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्यांचा प्रस्ताव लिहीत होतो. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी ३० च्या आसपास, म्हणजे ४५ वॅटची बचत. एक पंखा अडीच-तीन हजाराला. वर्गात पंखा दिवसाला ६ तास, वर्षाला २०० दिवस चालतो असं धरलं तर ५४ युनिट, ५४० रुपये. पैसे फिटायला पाच वर्षं. प्राचार्य नाहीच म्हणणार, आणि मीही त्यांच्या जागी नाहीच म्हणालो असतो.

पण तोच पंखा होस्टेलच्या खोलीत १६ तास, ३०० दिवस. २१६ युनिट, २,१६० रुपये. सव्वा वर्षात वसूल! पंखा तोच, वीज तीच, नुसती जागा बदलली. आणि प्रत्येक ठिकाणी मी उलटंच बघतोय: नवीन पंखे आधी सेमिनार हॉलला लागतात, जिथं महिन्यातून दोनदा कार्यक्रम होतो. होस्टेलला जुने, हॉलमधून काढलेले.

तर प्रस्ताव बदलला. आधी होस्टेल, मग अभ्यासिका, वर्ग शेवटी.

पुण्यात_अडकलेला_सोलापूरकर

वरच्या मजल्यासाठी: गच्चीला पांढरा चुना. आमच्या आजोळी, मंगळवेढ्याकडं, माळवद होतं. वर मातीचा जाड थर. मे महिन्यात दुपारी आत गेलं की डोळे मिटायचे. ते पाडून स्लॅब टाकला आणि दुसऱ्या वर्षी कूलर घ्यावा लागला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आत सोडतो. पांढरा केला की बरंचसं ऊन परत फिरतं. चुन्यात थोडा फेविकॉल घालायचा म्हणजे पायाला लागत नाही. दोन हात मारा, एप्रिल लागायच्या आत. पहिल्या पावसात थोडा धुतो, दर वर्षी परत मारावा लागतो. एनएसएसच्या पोरांचं एका रविवारचं काम आहे.

एसीबद्दल एक. २०२० पासून स्टार लेबलवाले रूम एसी २४ अंशांवरच सुरू होऊन येतात, आणि एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. मी शिकत होतो तेव्हा आमची कॅड लॅब १८ वर असायची. बाहेर ४३, आत पोरी स्वेटर घालून बसलेल्या. एकीनं खरोखर चादर आणली होती, सोलापुरी, डबल. सरांनी चादर बाहेर ठेवायला सांगितली. एसी वाढवला नाही.

मागवाला

चादर बाहेर ठेवायला सांगणाऱ्या सरांचा निषेध.

सूक्ष्मजीव

थोडं कडू बोलते, राग मानू नका. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. मागं एकदा आमच्या इमारतीत अशीच उत्साही मुलांची "वीज बचत मोहीम" आली होती. शनिवारी संध्याकाळी त्यांनी जाताना मजल्याचा मेनच पाडला. सोमवारी मी इन्क्युबेटर उघडला तर एमएस्सीच्या दोन मुलींचं सहा आठवड्यांचं काम गेलेलं. फ्रिजमधला बर्फ वितळून खाली ओघळलेला, आतलं मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) वाया गेलेलं. एक मुलगी माझ्यासमोर बसून रडली. मोहिमेचा फोटो मात्र पेपरात आला होता.

तेव्हा रात्री काय चालू राहिलंच पाहिजे, ते आधी प्रत्येक विभागाला विचारून घ्या. फ्रिज, डीप फ्रीझर, इन्क्युबेटर, सर्व्हर, सीसीटीव्ही. त्यांच्या एमसीबीवर (बोर्डातला सुरक्षा स्विच) लाल पट्टी चिकटवा. बाकीचं खुशाल बंद करा, मी स्वतः मदतीला येईन. आमच्याकडं डिस्टिल्ड वॉटरचा हीटर तासन् तास उगाच चालतो, हेही सांगून टाकते. त्याचं वेळापत्रक मी या आठवड्यात लावलंय, सगळ्या प्रॅक्टिकलांचं पाणी एकाच दिवशी काढायचं.

गड्ड्यावरचा_पाळणा

मॅडम, बरं झालं सांगितलंत. आम्ही पुढच्या फेरीत केमिस्ट्रीच्या मजल्यावर जाणार होतो आणि आमच्यातला एक जण "मेनच पाडू, सोपं आहे" म्हणालाच होता. लाल पट्टी घेतली.

ग्रंथपाल_निवृत्त

वाचनालयातला माझा अनुभव लिहिते. मोठी अभ्यासिका, दोनशे खुर्च्या. परीक्षेच्या दिवसांत भरलेली, इतर वेळी संध्याकाळी वीस-पंचवीस मुलं, आणि ती अशी विखरून बसायची की जणू एकमेकांशी भांडण आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर एक पंखा, दोन ट्यूब. अख्खा हॉल उजळलेला.

मी बरीच वर्षं पाटी लावली, "कृपया अनावश्यक दिवे बंद करा". कुणी वाचली नाही. मग सहा वाजल्यानंतर खिडकीकडच्या चार रांगाच उघड्या ठेवायला सुरुवात केली. मागच्या रांगांच्या खुर्च्या टेबलावर उलट्या, बस्स. मुलं आपोआप पुढं बसायला लागली. दहा-बारा दिवस कुरकुर झाली, एका मुलानं तक्रारही केली की शेजारचा पाय हलवतो. नंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. गंमत म्हणजे गप्पा कमी झाल्या, कारण जवळ बसल्यावर सगळ्यांना सगळं ऐकू येतं.

नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) तपासणीच्या वेळी एनर्जी ऑडिटची जाड फाइल झाली. स्पायरल बाइंडिंग, रंगीत आलेख. त्यात माझ्या उलट्या खुर्च्या कुठंच नव्हत्या. तुमच्या कॉलेजातही अशी फाइल असणार, कपाटात. ती मागा. कुठं किती दिवे, किती पंखे याची यादी तरी आयती मिळेल.

गड्ड्यावरचा_पाळणा

मॅडम, मागितली आणि मिळाली! २१४ पानं. त्यात आमच्या इमारतीत नसलेली एक लिफ्ट पण आहे. दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजची फाइल चिकटवलेली दिसते.

सातरस्ता_सिग्नल

लिफ्ट नाही म्हणजे तेवढी वीज वाचलीच की.

काय_बे

ते सोडा, सोलर का लावत नाहीत? ऊन तर आपल्याकडं फुकट उतू जातंय. गच्ची भरून पॅनल टाकले की झालं, मग बटणं मोजत बसायला नको.

वायरमन_मामा

लावावं की. आमच्याकडं आहे. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा आणि आपल्या उन्हात दिवसाला सरासरी चारएक युनिट मिळतात. पण बाळा, या पोराचे रात्रीचे ४१ युनिट भरून काढायला दहा किलोवॅट लागतील. म्हणजे नुसत्या विसरलेल्या पीसींसाठी हजार फूट गच्ची. आधी भोक बुजवायचं, मग टाकी भरायची.

टाकीवरून आठवलं. वरची टाकी वाहते का बघा. पाच हॉर्सपॉवरची मोटर तासाला पावणेचार युनिट घेते. आमच्याकडं शिपाई मोटर लावून चहाला जायचा, धबधबा सुरू झाला की पोरं ओरडायची तेव्हा यायचा. शहरात पाणी दिवसाआड आणि आमच्या गच्चीवर गंगा. फ्लोट स्विच बसवला, काही शे रुपयांत काम झालं. आता शिपाई निवांत चहा पितो.

आणि पॅनल लावलेत तर पुसा. आपल्याकडची धूळ बसली की उत्पादन पडतं. सकाळी लवकर, काच गार असताना. आमचे पॅनल उद्घाटनानंतर वर्षभर कुणी पुसले नव्हते.

बार्शीची_पोर

चुन्याचं रेक्टर मॅडमना विचारलं. गच्चीची किल्ली मुलींना देत नाहीत, "पडाल" म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, खाली शिजतोय त्याचं काय. शेवटी त्या स्वतः दुपारी तीनला वरच्या मजल्यावर येऊन पाच मिनिटं बसल्या. सहाव्या मिनिटाला हो म्हणाल्या. अट एकच, त्या स्वतः वर हजर राहणार. रविवारी आहे. चुन्याची पोती कुठून आणू, स्वस्तात?

मागवाला

पत्ता व्यनि केलाय. माझं नाव सांगा. डोळ्याला गॉगल लावा, चुना उडतो. आणि सकाळी सहाला सुरू करून नऊला खाली उतरा.

गड्ड्यावरचा_पाळणा

ताजी खबर. आजचा आकडा ३.३ निघाला. गुणिले २०, ६६ युनिट! दोन आठवडे ४१ वर होतो. लॅब बंद आहेत, स्वतः बघून आलो. पाण्याच्या कूलरना टायमर लावलेत कालच. मग पंचवीस युनिट वाढले कुठून? शटडाऊनचं श्रेय घेऊन मी सगळ्या वर्गात मिरवलोय, आता तोंड लपवायची पाळी.

वायरमन_मामा

वाढलेला आकडा खोटं बोलत नाही, काहीतरी नवीन चालू झालंय. रात्रीच्या फेरीत डीबीवर (वीज वाटणारा बोर्ड) क्लॅम्प मीटर (तारेभोवती लावून करंट मोजायचा) लावून एकेक फीडर, म्हणजे पुढं जाणारी लाइन, बघ. माझा अंदाज, उन्हाळा लागला म्हणून कुणीतरी स्टाफरूमचा नाहीतर ऑफिसचा एसी रात्रभर सोडतंय. तुमच्या तंबाखूवाल्या मामाला बरोबर घे, एकट्यानं पॅनल उघडू नकोस.

काय_बे

मी पण येतो. किती वाजता?

गड्ड्यावरचा_पाळणा

साडेआठ, मागच्या गेटला. टॉर्च आण. आणि मामांसाठी पुडी.